डबा माझा, राखण अनेकांची: पुण्यातल्या एका जिओकॅशच्या नोंदी

पुण्यात स्वतःचा जिओकॅश ठेवू पाहणाऱ्यांसाठी या नोंदी. जिओकॅश म्हणजे खेळ म्हणून लपवलेला डबा: जीपीएसच्या आकड्यांवरून तो शोधायचा आणि आतल्या वहीत सही करायची. मला वाटलं होतं, दोन रविवारांचं काम आहे. मे ते ऑक्टोबर गेले. शोधणाऱ्यांची मजा जाऊ नये म्हणून जागेचे काही तपशील बदलले आहेत. चुका आणि खर्च मात्र आहेत तसेच लिहिले आहेत.

११ मे २०२४, शनिवार

तीन वर्षं दुसऱ्यांनी लपवलेले डबे शोधते आहे. थोडे पुण्यातले, बाकी प्रवासात सापडलेले. स्वतः ठेवलेला एकही नाही. प्रत्येक पंगतीला जेवून यायचं आणि आपल्या घरी कधी कुणाला बोलवायचं नाही, तसं वाटायला लागलं होतं. आज बोहरी आळीतून चारही बाजूंना कड्या आणि झाकणाला रबरी पट्टी असलेला डबा आणला, १९० रुपये. आत वही, दोन पेन्सिली, एक भोवरा, काही गोट्या. पेन ठेवू नका, ओल लागली की शाई पसरते.

परवा मतदान आहे आणि आम्हा शिक्षकांना ड्यूटी. त्यामुळे पुढचं काम नंतर.

१५ मे, बुधवार

पहाटे सहाला वेताळ टेकडी. पायवाटेपासून थोडं आत, एका झुडपाखाली खुरप्यानं खड्डा करायला घेतला. चार बोटं माती, मग मुरूम, मग कातळ. दीड तास खपून डबा निम्मा आत गेला. वर दगड रचले. घरी येऊन लिस्टिंग, म्हणजे खेळाच्या संकेतस्थळावरचं डब्याचं पान, लिहिलं आणि रात्री पाठवून दिलं.

१८ मे, शनिवार

उत्तर आलं. ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: आपण पाठवलेला जिओकॅश आपोआप नकाशावर दिसू लागत नाही. आधी एक रिव्ह्यूअर तो तपासतो. हे रिव्ह्यूअर खेळाडूंमधूनच आलेले स्वयंसेवक असतात. या कामाचा पगार नसतो. आपल्याला त्यांचं फक्त टोपणनाव दिसतं.

त्यांनी दोनच प्रश्न विचारले होते. ही जमीन कोणाच्या ताब्यात आहे आणि तुम्ही परवानगी कोणाकडून घेतली? डबा ठेवताना जमीन खणली का?

दोन्हीची उत्तरं माझ्याकडे होती आणि दोन्ही चुकीची होती. तो भाग वनखात्याचा. परवानगी मी कोणाला विचारलीच नव्हती. रोज हजार माणसं चालतात तिथे एक डबा कोणाला खुपणार, असं मनात धरलं होतं. आणि खणायला तर सक्त मनाई आहे. या खेळातली पहिली बादली डेव्ह उल्मर यांनी ३ मे २००० रोजी अमेरिकेत ऑरेगनमध्ये ठेवली, ती अर्धी पुरलेलीच होती. जीपीएस उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक आदल्याच दिवशी काढून टाकली होती आणि साध्या यंत्रालाही नेमकी जागा कळू लागली होती. पण तेव्हा बादली एकच होती. आज प्रत्येक डब्यामागे एक खड्डा पडू लागला तर टेकड्यांची चाळण होईल आणि जमिनीचे मालक खेळच बंद पाडतील. हे सगळं मला मागाहून वाचून कळलं. त्यांनी मला त्यातलं काही ऐकवलं नाही. नियमाचा दुवा दिला आणि लिहिलं की डबा काढून खड्डा बुजवल्याचं कळवलंत तर बरं होईल.

उत्तराची वेळ पाहिली. पहाटे ५:४०. म्हणजे कोणीतरी आपल्या कामावर जायच्या आधी उठून माझी वही तपासली.

१९ मे, रविवार

डबा काढला, माती परत भरली, वरचा पाचोळा होता तसा पसरला. कळवलं. (हा डबा आता पोह्यांसाठी वापरते.)

२५ मे, शनिवार

या वेळी आधी विचारायचं ठरवलं. नदीकाठची एक जागा मनात होती. काहीही बांधण्याआधी फक्त अक्षांश-रेखांश पाठवून जागा मोकळी आहे का विचारता येतं. हे पहिल्यांदाच केलं असतं तर दहा दिवस वाचले असते.

२८ मे, मंगळवार

जागा मोकळी नाही. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर लागतं. नकाशावर मला आसपास काहीच दिसत नव्हतं. पण कोड्याच्या जिओकॅशमध्ये नकाशावरचं चिन्ह एकीकडे आणि खरा डबा दुसरीकडे असतो, आणि तो कुठे आहे हे कोडं सोडवणाऱ्यालाच कळतं. रिव्ह्यूअरला मात्र ही सगळी दडलेली ठिकाणं दिसतात. त्यांनी एवढंच लिहिलं की तुमची जागा दुसऱ्या एका डब्याच्या फार जवळ येते, किमान दोनशे मीटर सरकावी लागेल. कोणाचा, कोणत्या दिशेला, अवाक्षर नाही. ज्यानं ते कोडं रचलं त्याची मेहनतही शाबूत राहिली आणि माझंही काम झालं.

मी अठरा वर्षं वह्या तपासते आहे. चूक दाखवायची पण शेजारच्या मुलाचं उत्तर उघडं करायचं नाही, हे किती अवघड असतं ते मला माहीत आहे.

१ जून, शनिवार

मामांकडे गेले होते. नारायण पेठेत त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, जागा स्वतःची, पुढे दोन हातांचा ओटा तोही स्वतःचा. बोलता बोलता हे सगळं सांगितलं. मामा म्हणाले, "अगं, मग माझ्या ओट्यावर ठेव की. कोणाची परवानगी नको, मीच देतो." पुणं एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं, तेव्हा डबाही सायकलीतच असावा असं ठरलं. जुनी फ्रेम भिंतीला पक्की बसवायची आणि तिच्या सीटच्या नळीत, मामांच्या भाषेत सीटपाईपमध्ये, डबा उभा सोडायचा.

२ जून, रविवार

जुना बाजार. काळी, डबल बारची फ्रेम, ४५० रुपये. सहाशेपासून सुरुवात झाली होती. मामा सोबत नसते तर सहाशेच दिले असते. सीटपाईप आतून गंजलेला होता. तो घासण्यात आणि रंग देण्यात पुढचे तीन दिवस गेले. भिंतीत बसवायचे बोल्ट आणि रंग मिळून २३० रुपये.

८ जून, शनिवार

डब्यासाठी सगळ्यात उपयोगी पडली ती प्लॅस्टिकच्या बाटलीची फुगवण्याआधीची नळी, म्हणजे प्रीफॉर्म. काचेच्या परीक्षानळीसारखी दिसते, जाड असते, पारदर्शक असते आणि वर बाटलीचंच आट्यांचं झाकण बसतं. भोसरी एमआयडीसीत बाटल्या बनवणाऱ्या एका युनिटमधून वेगवेगळ्या वजनाच्या बारा नळ्या ६० रुपयांत मिळाल्या. एकाच वजनाच्या घेऊ नका. जाड अंगाच्या सीटपाईपमध्ये शिरेनात, बारीक अंगाची अलगद गेली आणि गळ्याभोवतीच्या कड्यावर नळीच्या तोंडाशी टेकून राहिली. जणू त्यासाठीच घडवली होती.

वर झाकण दिसू नये म्हणून त्यावर सायकलच्या घंटीची वाटी चिकटवायची होती. दोन नळ्यांतून पिळून मिसळायचा तो इपॉक्सी गोंद आणला, ८५ रुपये. चोवीस तास ठेवला.

९ जून, रविवार

वाटी बोटानं ढकलताच निघाली. गोंद वाटीला घट्ट, झाकणाला काहीच नाही. बाटलीची झाकणं पॉलिइथिलीनसारख्या ज्या प्लॅस्टिकची असतात त्याला हा गोंद धरत नाही. ८५ रुपये आणि एक दिवस गेला. मग झाकणाला मधोमध भोक पाडून वाटी नट-बोल्टनं आवळली. मामा म्हणाले, "खाली वायसर टाक." घाईत मी नुसता लोखंडी वायसर टाकला. हे पुढे जुलैत भोवलं.

१५ जून, शनिवार

आज शाळा सुरू. दुपारी पोलीस चौकीत अर्ज दिला.

याचं कारण मामांनीच काढलं होतं. १ ऑगस्ट २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावर जे स्फोट झाले, त्यात सायकली वापरल्या होत्या. त्याआधी १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत जे झालं ते पुण्यात कोणी विसरलेलं नाही. या शहरात कोणी अनोळखी माणूस सायकलीत हात घालून काही काढताना दिसला तर लोक घाबरणारच, आणि त्यांनी घाबरावंही. म्हणून फ्रेमला कॅरियर नाही, टोपली नाही, चाकं नाहीत. नळी पारदर्शक, आतला कागद बाहेरून दिसतो. आतल्या चिठ्ठीवर मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं: हा जिओकॅशिंग या खेळाचा भाग आहे, धोकादायक काही नाही, दुकानमालकांच्या परवानगीनं ठेवला आहे. शेजारच्या चारही दुकानदारांना मामांनी स्वतः नेऊन दाखवलं. चौकीत अर्धा दिवस गेला, पण अर्जावर पोच मिळाली. तिचा फोटो लिस्टिंगसोबत फक्त रिव्ह्यूअरला दिसेल अशा नोंदीत जोडला.

१६ जून, रविवार

लिस्टिंग पाठवलं. इथपर्यंतचा हिशेब: पहिला डबा १९०, फ्रेम ४५०, बोल्ट आणि रंग २३०, प्रीफॉर्म ६०, गोंद ८५, नट-बोल्ट ४०, कागद-पेन्सिली ३५. एकूण १,०९० रुपये.

१९ जून, बुधवार

तीन हरकती.

पहिली: दुकानाचं नाव काढा. मी मोठ्या प्रेमानं मामांच्या दुकानाचं नाव, स्थापनेचं साल, दुरुस्तीचे दर असं सगळं लिहिलं होतं. जिओकॅशच्या पानावर धंद्याची जाहिरात चालत नाही.

दुसरी: "सापडला नाही तर आत मामांना विचारा" हे वाक्य काढा. शोधणाऱ्याला दुकानात शिरावं लागणं किंवा दुकानदाराशी बोलावं लागणं हेही चालत नाही. मामांना याचं थोडं वाईट वाटलं. पण विचार केला तर बरोबर आहे. एका दुकानाला सूट दिली की दुसरा म्हणणार माझ्या हॉटेलात जेवा आणि डबा घ्या.

तिसरी खरी लाजिरवाणी. वर्णनात नारायण पेठ लिहिलं आहे, पण तुमचा बिंदू नवी पेठेत पडतो आहे, दोन्हींपैकी बरोबर काय?

फोनवर मला अंश-मिनिटं-सेकंद दिसत होते. पानावर अंश आणि दशांश मिनिटं भरायची असतात. ५४ सेकंद म्हणजे ०.९०० मिनिट. मी ५४ हा आकडा तसाच दशांश चिन्हापुढे नेऊन बसवला, .५४० असा. रेखांशातही तेच: ५७ सेकंदांचे .९५० व्हायला हवे होते, मी .५७० लिहिले. दोन्ही मिळून जागा सुमारे ९४० मीटर नैऋत्येला गेली. हे प्रकाशित झालं असतं तर लोक नवी पेठेत कोणाच्या तरी फाटकाशी घुटमळत बसले असते, आणि त्या घरातल्यांनी पोलिसांना फोन केला असता तर ते योग्यच ठरलं असतं.

त्यांनी वर्णन वाचलं होतं, नकाशा उघडला होता, पेठ पेठेशी ताडून पाहिली होती. कोणाच्याही डोळ्यांत न येणारं काम ते हेच. बिनचूक प्रकाशित झालेल्या जिओकॅशकडे पाहून कोणाला कळत नाही की मधे एक माणूस उभा होता.

२२ जून, शनिवार

सुधारणा करून परत पाठवलं. आकडा या वेळी एकदाच घेतला नाही. पेठांतल्या अरुंद गल्ल्यांत संकेत भिंतींवर आपटून येतात आणि बिंदू वीस-वीस मीटर भरकटतो. सकाळी, दुपारी, रात्री असे तीन वेळा ओट्यावर फोन ठेवून दहा-दहा मिनिटांनी आकडे घेतले, सरासरी काढली, मग उपग्रहाच्या चित्रावर दुकानाचं छत शोधून ताडलं.

२४ जून, सोमवार

प्रकाशित! शाळेच्या मधल्या सुट्टीत फोन वाजला. स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. कोणाला काही कळलं नाही तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

२८ जून, शुक्रवार

पहिला शोध. चाकणला कामासाठी आलेला एक जर्मन इंजिनियर, शुक्रवारी संध्याकाळी सरळ कारखान्यातून. मामांनी त्याला ओळखलं, पण नियमाप्रमाणे गप्प बसून पंक्चर काढत राहिले. सही करून झाल्यावर मात्र चहा पाजल्याशिवाय सोडला नाही.

१ जुलै, सोमवार

पालख्या पुण्यात मुक्कामाला. पेठांत पाऊल ठेवायला जागा नाही. काम बंद.

१३ जुलै, शनिवार

चिंचवडच्या एका काकांची नोंद आली: कागद भिजून लगदा झाला आहे, मालकानं लक्ष द्यावं. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, या खेळात माझ्याही आधीपासून. त्यांच्या पिशवीत सुटे डबे नेहमी असतात. तरी त्यांनी माझ्या परवानगीशिवाय नवा डबा ठेवला नाही. एक कोरडा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आत सरकवला आणि फोटो पाठवला. नंतर मला म्हणाले, "बाई, मी डबा बदलला असता तर तुम्हाला गळती कळलीच नसती."

पानावर तात्पुरतं बंद असं लावलं आणि ठरवलं, पुढच्या शनिवारी दुरुस्त करू.

२५ जुलै, गुरुवार

पुढचा शनिवार गेला. आज पहाटेपासून शहरात पाणी. भिडे पूल पाण्याखाली, सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी शिरलेलं. माझी एक विद्यार्थिनी तिथे राहते. पुढचे दोन आठवडे तिच्यासारख्या मुलांची वह्या-पुस्तकं गोळा करण्यात गेले. डब्याचं नावही मनात आलं नाही.

२० ऑगस्ट, मंगळवार

रिव्ह्यूअरची नोंद. हा जिओकॅश महिन्याहून जास्त काळ बंद आहे. काही अडचण असेल तर कळवा, दुरुस्तीला आणखी वेळ हवा असेल तर तसं लिहा, नाहीतर काही काळानं तो कायमचा बंद करून जागा मोकळी करावी लागेल.

आधी मन खट्टू झालं. मग लक्षात आलं की हे काम कोणी केलं नाही तर नकाशा मेलेल्या डब्यांनी भरून जातो. बाहेरगावचा माणूस एका दिवसासाठी पुण्यात येतो, तीन ठिकाणी जातो, तिन्ही ठिकाणी काही नसतं, आणि तो पुन्हा या खेळाकडे फिरकत नाही. माझ्यासारख्या विसरलेल्या मालकांना एकेक करून आठवण करायची, त्यांचा रागही सोसायचा, हे रिव्ह्यूअरच्या वाट्याला येतं. त्याच दिवशी पुराचं सांगून मुदत मागितली. तासाभरात उत्तर: "सगळे सुखरूप आहेत ना? डब्याची घाई नाही."

२४ ऑगस्ट, शनिवार

गळती शोधायला मामांनी घमेलं पुढे ओढलं. पंक्चर बघतात तसंच: नळी बंद करून पाण्यात दाबून धरली. झाकणाच्या मधून, बोल्टच्या शेजारून बुडबुड्यांची बारीक माळ. आट्यांमधून काही नाही. म्हणजे नळी चांगली, माझं भोकच वाईट.

मामांनी जुन्या ट्यूबमधून रुपयाएवढे दोन गोल कापले, दोन्ही बाजूंना सोल्युशन लावून झाकणाच्या आत-बाहेर बसवले, वर वायसर, मग लॉकनट. अर्धा तास सुकवून पुन्हा घमेल्यात. एकही बुडबुडा नाही. खर्च शून्य. सीटपाईपमध्ये वरून येणारं पाणी साचू नये म्हणून तळाशी ६ मिलिमीटरचं भोकही पाडलं.

ज्यांना हे करायचं आहे त्यांनी लिस्टिंग पाठवण्याआधी डबा रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, आत टिपकागद घालून. जूनमध्ये मी हे केलं असतं तर सहा आठवडे तो बंद राहिला नसता.

पुन्हा सुरू केला.

७ सप्टेंबर, शनिवार

गणेश चतुर्थी. आजपासून १७ तारखेच्या अनंत चतुर्दशीपर्यंत स्वतःहून बंद. केळकर रस्ता, लक्ष्मी रस्ता हाकेच्या अंतरावर, सगळीकडे बंदोबस्त. या गर्दीत कोणी नळीत बोटं घालू नयेत. कारण आणि पुन्हा सुरू होण्याची तारीख या वेळी आधीच लिहिली, म्हणजे कोणाला आठवण करावी लागणार नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

काकांशी फोन. मी म्हटलं, या रिव्ह्यूअरचे आभार मानायला हवेत. काका म्हणाले, "त्यांचे एकट्याचे कशाला? ऑनलाइन चर्चेच्या जागा शांत ठेवणारे, पानांचे अनुवाद करणारे, हे सगळे फुकटच राबतात. आणि मे महिन्यात टेकडीवरून पोतंभर कचरा खाली आणणारे आपले ते दोघं भाऊ, त्यांचं काय?" ठरलं, एक छोटा मेळावा घ्यायचा, सगळ्यांच्या नावानं.

२९ तारखेचा रविवार ठरवून रात्री पान पाठवलं. त्यात लिहिलं की भेटवस्तूसाठी प्रत्येकी शंभर रुपये वर्गणी.

२३ सप्टेंबर, सोमवार

मेळाव्याचं पानही रिव्ह्यूअरच तपासतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांच्याच आभारांचा कार्यक्रम त्यांच्याच टेबलावर गेला होता.

त्यांनी नेहमीच्याच स्वरात लिहिलं. मेळाव्याचं पान किमान १४ दिवस आधी पाठवावं लागतं, तुमचे आठच होतात. पानावर पैसे गोळा करता येत नाहीत, वर्गणीचा मजकूर काढावा. आणि शेवटी, वेगळ्या ओळीत: कल्पना मनाला भावली.

तारीख १३ ऑक्टोबर केली. वर्गणी काढली. भेटवस्तू ठेवायची तर पत्ताही नाही आणि त्यांनी तो द्यावा अशी अपेक्षाही नाही. म्हणून टपाल कार्यालयातून पन्नास पैशांची वीस पोस्टकार्डं आणली, दहा रुपये.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. मामांनी पान्हे, पंप, घमेलं मांडून पूजा केली. संध्याकाळी गेले तर भिंतीवरच्या फ्रेमलाही झेंडूचा हार आणि आपट्याचं पान. म्हणाले, "तीही कामालाच लागली आहे ना आता."

१३ ऑक्टोबर, रविवार

डेक्कनजवळच्या एका उपाहारगृहात सकाळी साडेआठ. मेळावा किमान अर्धा तास चालायला हवा असा नियम आहे. आम्ही पावणेबाराला उठलो. नऊ जण आले. काका, ते दोघं भाऊ, कॉलेजातली तीन मुलं, नाशिकहून एक जोडपं, आणि जर्मन इंजिनियर, जो डिसेंबरात परत जाणार आहे. त्याला जाण्याआधी इथे एक डबा ठेवायचा आहे, पण दूर राहणाऱ्याला त्याची देखभाल जमणार नाही म्हणून रिव्ह्यूअर विचारतीलच की मागे कोण बघणार. मी नाव दिलं. आता दोन डबे माझ्याकडे.

काकांनी त्यांच्या पहिल्या डब्याची गोष्ट सांगितली. रेल्वेत नोकरी, म्हणून त्यांनी तो रुळांच्या कडेला ठेवला होता. जागेची खडान् खडा माहिती असल्यामुळे त्यांना त्यात धोका दिसला नाही. तेव्हाच्या रिव्ह्यूअरनं नाही म्हटलं आणि कारण लिहिलं: तुम्हाला गाडीची वेळ माहीत आहे, शोधायला येणाऱ्या मुलाला नसेल. काका हे सांगताना थांबले. म्हणाले, मी आयुष्यभर रुळांवर माणसं पाहिली आहेत आणि हे वाक्य मला सुचायला हवं होतं.

मग सगळ्यांनी पोस्टकार्डं लिहिली. कॉलेजातल्या एका मुलीनं फक्त तिच्या नाकारल्या गेलेल्या तीन जागांची यादी लिहिली आणि प्रत्येकीपुढे आता पटलेलं कारण. भावांपैकी धाकट्यानं पुण्याच्या टेकड्यांची रेघ काढली. नाशिकच्या बाईंनी लिहिलं की आमच्या मुलीला घराबाहेर काढणारा हा एकच खेळ निघाला, तो चालू ठेवल्याबद्दल. मी काय लिहिलं ते इथे देत नाही. वीसही कार्डं भरली, कारण सगळ्यांनाच दोन-दोन हवी होती.

घरी येऊन सगळ्या कार्डांचे फोटो काढले, मेळाव्याच्या पानावर लावले आणि रिव्ह्यूअरना निरोप पाठवला. मूळ कार्डं मामांच्या दुकानात काचेखाली राहतील. मेळाव्याचा खर्च: चहा-पोहे ज्याचे त्यानं दिले, माझे पोस्टकार्डांचे दहा रुपये.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

रात्री सव्वादहाला उत्तर आलं. सगळी कार्डं वाचली, असं लिहिलं होतं, आणि मराठी कार्डं एका मित्राकडून वाचून घेतली. टेकड्यांचं चित्र छापून भिंतीवर लावलं आहे. पुढे त्यांच्याच शब्दांत: "रुळांची गोष्ट माझ्याच आधीच्या रिव्ह्यूअरची असावी, त्यांच्यापर्यंत पोहोचवतो."

खाली आणखी एक ओळ होती. तुमच्या सायकलीच्या पानावर "चोवीस तास खुलं" अशी खूण आहे, पण वर्णनात रात्री दहानंतर येऊ नका असं लिहिलं आहे. सवड झाली की एकदा बघा.

उठले, लॅपटॉप उघडला आणि खूण काढली.